आधी कान, मग पाना

रात्रीचे दोन वाजले होते. गाडीत टोमॅटोचे क्रेट भरलेले, उजाडायच्या आत पुण्याच्या मार्केट यार्डात पोचायचं होतं. चावी फिरवली, सेल्फ लागला, इंजिन नेहमीसारखं धडधडत सुरू झालं आणि अर्ध्या मिनिटात आचके देऊन बंद पडलं. पुन्हा सेल्फ मारला. आता ते पेटायचं नावच घेईना. सेल्फ मारून मारून बॅटरी बसली. शेवटी शेजारच्याला उठवून त्याच्या गाडीत क्रेट चढवले. माल गेला, पण भाव उतरल्यावर पोचला.

गाडी २००४ सालची, चार सिलेंडरची डिझेल पिकअप. पुढच्या दोन दिवसांत डिझेल फिल्टर बदलला, बॅटरी नवी टाकली, सेल्फ उतरवून कार्बन ब्रश बघितले. दुखणं जागच्या जागी. तिसऱ्या दिवशी एकाने निदान केलं, ‘पंप गेला, उतरवावा लागेल.’ खर्चाचा आकडा ऐकून मी घरी परत आलो. रोग हल्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार चालला होता, हे मला पुढे कळलं. खरं दुखणं निघालं एका वीतभर रबरी पाइपात. ते कसं सापडलं ते ओघात येईलच. पण ते ज्या क्रमाने सापडलं, तो क्रम या लेखाचा विषय आहे.

जुन्या डिझेल गाडीचं एक बरं असतं. तिच्यात संगणक नाही, सेन्सर जवळजवळ नाहीत. जे काही बिघडतं ते धुरातून, आवाजातून, वासातून किंवा गळतीतून बाहेर दिसतं. म्हणून पाना हातात घेण्याआधी कान, नाक आणि डोळे वापरायचे. आणि तपासणी नेहमी बाहेरून आत, स्वस्ताकडून महागाकडे न्यायची.

ठिणगीविना आग

पेट्रोलच्या इंजिनात स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि पेट्रोल पेटतं. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नसते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं, तेच तत्त्व इथे मोठ्या प्रमाणावर वापरलेलं आहे. पिस्टन वर येताना सिलेंडरमधली हवा मूळ आकारमानाच्या साधारण अठराव्या ते बाविसाव्या भागात कोंबतो. एवढ्या दाबाने हवा ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते. डिझेलला पेटायला दोनशेच्या थोडं वर तापमान पुरतं. त्या तापलेल्या हवेत नोझलने डिझेलचा बारीक फवारा मारला की ते आपसूक पेटतं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने ऑग्सबर्ग इथे १८९७ मध्ये असं इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं, आणि जुन्या पिकअपचं इंजिन आजही त्याच तत्त्वावर चालतं.

यातून सगळ्या तपासणीचा पाया मिळतो. या इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: मोकळी हवा, वेळेवर आणि फवाऱ्याच्या रूपात येणारं डिझेल, आणि पुरेसा दाब. इंजिन चालू होत नसेल तर या तिघांपैकी काहीतरी कमी आहे. दाब एका रात्रीत जात नाही. तो वर्षानुवर्षं झिजत जातो. काल संध्याकाळी ठणठणीत चाललेली गाडी आज पहाटे बंद पडली असेल, तर संशय आधी डिझेलवर किंवा विजेवर घ्यायचा. माझ्या बाबतीत हा विचार कोणीच केला नव्हता, मीही नाही.

टाकीपासून नोझलपर्यंत

आता डिझेलच्या वाटेने चालत जाऊ. टाकीत एक सक्शन पाइप असतो, त्याच्या तोंडाशी जाळी. तिथून चेसीच्या कडेने लोखंडी पाइप आणि जोडाच्या ठिकाणी रबरी पाइप अशी लाइन इंजिनापर्यंत येते. वाटेत बऱ्याच गाड्यांना पाणी वेगळं करणारी वाटी असते. मग फीड पंप डिझेल ओढून घेतो आणि पुढे ढकलतो. फिल्टरमधून ते मुख्य पंपात जातं. काही गाड्यांत फिल्टर आधी आणि ओढणारा पंप मुख्य पंपाच्याच पोटात असतो. मुख्य पंप दाब देतो आणि चार लोखंडी नळ्यांतून चार नोझलना डिझेल पाठवतो. उरलेलं डिझेल बारीक रिटर्न पाइपातून टाकीत परत जातं.

हा मुख्य पंप म्हणजे गाडीतलं सगळ्यांत नाजूक घड्याळ. रॉबर्ट बॉशच्या कंपनीने असे पंप १९२७ पासून मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली. आपल्याकडे १९५१ मध्ये बंगळूरला सुरू झालेल्या तिच्या भारतीय कंपनीचं नाव तेव्हा ‘मायको’ होतं, म्हणून जुने मेकॅनिक अजूनही कोणत्याही डिझेल पंपाला मायको पंपच म्हणतात. पंपातला दांडा आणि त्याची नळी यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची असते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. या फटीला वंगण दुसऱ्या कशाचं नाही, डिझेलचंच. म्हणून डिझेलमध्ये रॉकेल मिसळणं म्हणजे पंप आतून घासून काढणं. म्हणूनच फिल्टरवर काटकसर करायची नाही, आणि म्हणूनच हा पंप घरी उघडायचा नाही.

या वाटेचे दोन भाग नीट लक्षात ठेवा. टाकीपासून ओढणाऱ्या पंपापर्यंत डिझेल ‘ओढलं’ जातं. पंपाच्या पुढे ते ‘ढकललं’ जातं. ढकलणाऱ्या भागात पाइपला चीर गेली तर डिझेल बाहेर गळतं आणि डोळ्यांना दिसतं. ओढणाऱ्या भागात चीर गेली तर इंजिन चालू असताना बाहेर थेंबही येत नाही. उलट बाहेरची हवा आत शिरते. त्यामुळे हा दोष दिसत नाही आणि भल्याभल्यांना चकवतो. गाडी रात्रभर उभी राहिली की त्या चिरेतून हवा आत जाते आणि लाइनमधलं डिझेल उतरून टाकीत परत जातं. पहाटे पंपात उरलेल्या डिझेलवर इंजिन अर्धा मिनिट चालतं, मागून हवेचा गोळा येतो, आणि बंद. मेकॅनिकच्या भाषेत, ‘गाडीने एअर घेतली.’

सेल्फ फिरत नसेल तर

गाडी चालू होत नाही, या एका वाक्यात तीन वेगवेगळे आजार लपलेले असतात. ते वेगळे करणं हे पहिलं काम.

पहिला आजार: सेल्फ फिरतच नाही, किंवा रडत रडत फिरतो. हा विजेचा प्रश्न आहे, डिझेलचा नाही. हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे पार विझत आले तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनलला पकड नाही. दिवे तसेच लख्ख राहिले आणि नुसती ‘टक’ झाली तर सेल्फचा सोलेनॉइड किंवा सेल्फकडे जाणारी वायर बघायची. दोनचारशे रुपयांचा मल्टिमीटर असेल तर काम आणखी सोपं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर ती रिकामी झालेली समजा. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली पडायला नको. इंजिन चालू झाल्यावर तो १३.८ ते १४.४ च्या दरम्यान दिसला पाहिजे. नाही दिसला तर अल्टरनेटर चार्ज करत नाही, बॅटरी बदलून उपयोग नाही.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा आला असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून धुवा, पॉलिश पेपरने घासा, वरून व्हॅसलीन लावा. सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. आणि इंजिनापासून चेसीला जाणारी अर्थिंगची पट्टी विसरू नका. चिखल खाऊन ती कुजलेली असते आणि बॅटरीवर बॅटरी बदलली जाते.

सेल्फ फिरतो, पण इंजिन पेटत नाही

इथे एकच प्रश्न विचारायचा. कोणाला तरी सेल्फ मारायला बसवा आणि स्वतः सायलेन्सरच्या तोंडाकडे बघा. धूर येतो का?

दुसरा आजार: अजिबात धूर नाही, म्हणजे डिझेल सिलेंडरपर्यंत पोचतच नाही. टाकीतलं डिझेल, फिल्टर, एअर, आणि रोटरी पंप असेल तर स्टॉप सोलेनॉइड, एवढं बघायचं. हा सोलेनॉइड पंपावर बसवलेला असतो आणि त्याला एक वायर जाते. चावी ऑन केली की तो ‘टिक’ असा वाजतो आणि डिझेलची वाट मोकळी करतो. टिक ऐकू आली नाही तर फ्यूज आणि ती वायर तपासा. वायर निसटल्यामुळे गाडी टोचन करून गॅरेजला नेलेली मी बघितली आहे. जुन्या इनलाइन पंपाला सोलेनॉइडऐवजी स्टॉपची केबल असते. ती अडकून राहिली तरी हाच परिणाम.

तिसरा आजार: पांढुरका धूर येतो पण पेटत नाही, म्हणजे डिझेल पोचतंय पण त्याला पेटण्याइतकी उष्णता मिळत नाही. सेल्फ हळू फिरत असेल तर दाबच तयार होत नाही, मग पुन्हा बॅटरीकडे. गाडीला हीटर प्लग असतील तर ते तपासा. पूर्वीच्या ज्या इंजिनांत डिझेल आधी एका छोट्या कोठडीत फवारलं जातं, त्यांना थंडीत हीटरशिवाय चालत नाही. थेट पिस्टनवर फवारा मारणारी डीआय इंजिनं मात्र आपल्याकडच्या थंडीत बहुधा हीटरविना चालू होतात. हीटरची वायर काढून त्याच्या टोकाचा आणि इंजिनाच्या बॉडीचा रेझिस्टन्स मोजा. चांगला हीटर एखाद-दोन ओहम किंवा त्याहून कमी दाखवतो. जळलेला काहीच दाखवत नाही.

हे दोन्ही ठीक असूनही रोज सकाळी त्रास होत असेल, तर झीज झालेली असू शकते. तिच्याकडे पुढे येऊ.

एअर काढायची कशी

माझ्या गाडीला धूर येत नव्हता. हे सांगितलं ते आमच्या शेजारच्या तात्यांनी. तात्या मेकॅनिक नाहीत. उभी हयात त्यांनी विहिरीवर किर्लोस्करचं इंजिन चालवलं. हँडल मारायचं, एअर काढायची, पाणी ओढायचं. त्यांनी बॉनेटमध्ये डोकावून एवढंच विचारलं, ‘पंप राहू दे रे, पंपापर्यंत डिझेल येतंय का ते बघितलं का?’

एअर काढायला फार काही लागत नाही: १० ते १९ नंबरचे पाने, चिंध्या, एक डबा आणि सेल्फ मारायला दुसरा माणूस. विडी-सिगारेट लांब. आधी टाकीत पुरेसं डिझेल आहे याची खात्री करा आणि टाकीपासून सगळे क्लिप आवळून घ्या. भोक तसंच ठेवून एअर काढणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं.

फीड पंपावर किंवा फिल्टरच्या डोक्यावर हाताने दाबायचा प्रायमर असतो. फिल्टरच्या डोक्यावर एक छोटा एअर स्क्रूही असतो. खाली चिंधी धरा, तो स्क्रू दोन आटे ढिला करा आणि प्रायमर दाबत राहा. आधी नुसतं फुसफुसेल. मग साबणाच्या फेसासारखं डिझेल येईल. मग फेस कमी होऊन अधूनमधून एखादा बुडबुडा. पंधरा-वीस वेळा दाबूनही हाताला काहीच जोर लागला नाही तर घाई करू नका. रिकामी लाइन भरायला वेळ लागतो. शेवटी काचेसारखी अखंड धार लागेल. धार चालू असतानाच, म्हणजे प्रायमर दाबलेला असतानाच स्क्रू आवळा. आधी हात सोडला आणि मग आवळलं तर तेवढी हवा परत आत जाते; सगळे नवशिके इथेच चुकतात. मुख्य पंपावर एअर स्क्रू असेल तर तिथेही हेच करा.

आता सेल्फ मारा, पण एका वेळी दहा-पंधरा सेकंदच, आणि मध्ये मिनिटभर विश्रांती. नाहीतर सेल्फ जळेल. तरीही पेटलं नाही तर नोझलजवळचे नळ्यांचे दोन नट, बहुधा १७ चा पाना लागतो, एक आटा ढिले करा आणि सेल्फ मारायला सांगा. नटाखालून डिझेलचे ठोके पडू लागले की आवळा. इंजिन आधी लंगडत पेटेल, मग चारही सिलेंडर पकडतील.

तात्यांच्या देखरेखीखाली मी हे सगळं केलं. गाडी चालू झाली, वीस मिनिटं चालली. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. आता एवढं नक्की झालं की हवा कुठून तरी शिरतेय. मग मी फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक पाइप तात्पुरता जोडला. इंजिन चालू केल्यावर त्यात मोत्यांसारखे बुडबुडे पळताना दिसले, म्हणजे चीर त्याच्या मागे, टाकीच्या बाजूला होती. तो पाइप एकेक जोड मागे नेत गेलो. टाकीच्या वरच्या रबरी पाइपाच्या मागे जोडला तेव्हा बुडबुडे थांबले. तो रबरी पाइप वरून धडधाकट दिसत होता. क्लिप काढून दुमडला तेव्हा क्लिपच्या खालीच केसाएवढी चीर उघडली. नवा पाइप आणि दोन क्लिप एवढ्यात काम झालं. पारदर्शक पाइप मात्र कायमचा ठेवायचा नाही. डिझेलने तो कडक होऊन तडकतो. बँजो बोल्ट सोडले असतील तर त्यांचे तांब्याचे वायसर नवे टाका. जुन्या, दबलेल्या वायसरातूनही एअर जाते.

एक इशारा ठळकपणे. नोझलचा फवारा किंवा नळीतून उडणारी धार बोटावर कधीही घेऊ नका. जुन्या डीआय इंजिनातही नोझल २०० बारच्या आसपास उघडतो. एवढ्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं; वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, आतून बोट सडू शकतं. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच दवाखान्यात जायचं. कॉमन रेल असलेल्या नव्या गाड्यांत दाब हजार बारच्याही पुढे जातो, त्यामुळे तिथे नळ्यांचे नट ढिले करण्याचा हा प्रकार करायचाच नाही. प्रत्येक नोझलवर विजेची वायर गेलेली दिसली की समजा, ही गाडी या लेखातली नव्हे.

धुराचे रंग

चालत्या गाडीचा धूर हा तिचा रोजचा आरोग्य अहवाल असतो.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पहिल्यांदा एअर क्लीनर बघा. मातीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा कागदी फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या काळात भरतो. जुन्या गाड्यांत ऑइलचा एअर क्लीनर असतो. त्याच्या वाटीतलं ऑइल चिखलासारखं झालं असेल तर वाटी रॉकेलने धुऊन नवीन ऑइल खुणेपर्यंतच भरा. एअर क्लीनर स्वच्छ असूनही काळा धूर राहिला तर नोझल फवाऱ्याऐवजी धार मारत असतील. ते काढून डिझेल पंपाच्या दुकानात टेस्टिंगला द्यायचे. पीयूसीच्या आदल्या दिवशी पंपाचा स्क्रू फिरवून घेणारे पुष्कळ असतात. त्याने धूर कमी होतो, पण घाटात गाडीचा जीवही कमी होतो.

पांढरा धूर दोन प्रकारचा. सकाळी पाच मिनिटं येणारा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. इंजिन तापलं तरी येत राहणारा, रेडिएटरचं पाणी कमी करणारा धूर म्हणजे पाणी सिलेंडरमध्ये जातंय, बहुधा हेडचं गॅस्केट उडालंय. खात्री करायची तर थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू करा. पाण्यात सतत बुडबुडे उसळत असतील तर निदान पक्कं. डिपस्टिकवर ऑइल ताकासारखं पांढरट दिसलं तर गाडी एक किलोमीटरही चालवायची नाही.

निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. इथे झिजेचा प्रश्न येतो. त्यासाठी एक घरगुती परीक्षा आहे. इंजिन आयडलिंगवर ठेवून ऑइल भरण्याचं झाकण काढा आणि भोकावर उलटं ठेवा. झाकण जागेवर किंचित नाचलं तर ठीक. रेल्वेच्या जुन्या इंजिनासारखे धुराचे भपके येऊन झाकण उडालं, तर रिंगांमधून दाब खाली येतोय. याला गॅरेजमध्ये ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. हे इंजिन कामाला आलंय. ते उद्याच काढा असं नाही, पण पैशांची तजवीज सुरू करा.

अशा थकलेल्या इंजिनाचा एक धोका माहीत असावा. ब्रीदरच्या पाइपातून ऑइल ओढून इंजिन स्वतःच्या ऑइलवर पळू लागतं. चावी बंद केली तरी थांबत नाही, आवाज चढतच जातो. अशा वेळी गाडी वरच्या गियरमध्ये टाकून, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडायचा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडतं. हवेच्या पाइपावर फळी किंवा जाड पत्रा दाबूनही ते थांबतं, पण तिथे हात लावायचा नाही आणि फडकंही कोंबायचं नाही.

एक सिलेंडर मुका

इंजिन थरथरतं, लंगडतं, मेकॅनिकच्या शब्दांत मिसिंग मारतं. चौघांपैकी कोण काम करत नाही हे शोधायला जुन्या मेकॅनिकल पंपावर सोपी युक्ती आहे. आयडलिंगवर एकेका नोझलच्या नळीचा नट चिंधी गुंडाळून अर्धा आटा ढिला करायचा आणि आवाज ऐकायचा. काम करणाऱ्या सिलेंडरची नळी ढिली केली की इंजिन आणखी लंगडतं. ज्या नळीने आवाजात काहीच फरक पडत नाही, तोच मुका सिलेंडर. मग त्याचा नोझल शेजारच्या सिलेंडरमध्ये घालून बघा. दुखणं नोझलबरोबर शेजारी गेलं तर नोझल खराब; जागेवरच राहिलं तर व्हॉल्व्ह, टॅपेट किंवा दाब. नोझल परत बसवताना बुडाचा वायसर नवा घालायचा.

तापणारी गाडी आणि एक बेल्ट

सपाटीवर काटा जागेवर आणि माळशेजच्या चढावर लाल रेषेला टेकतो, असं असेल तर बहुधा रेडिएटर अर्धा बुजलेला आहे. शेतमाल नेणाऱ्या गाड्यांच्या रेडिएटरवर धूळ, कांद्याची टरफलं आणि ग्रीस यांचा थर बसतो. पाण्याची साधी धार इंजिनाच्या बाजूने पुढे मारा, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने बाहेर जातो. कॉम्प्रेसरचा जोर लावला तर जाळीच्या पात्या वाकतात. उलट, गाडी उभी असतानाच तापत असेल तर फॅन आणि बेल्ट बघा. पाणी उकळलंच तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि निदान अर्धा तास झाकणाला हात लावू नका. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलं तर हेडला तडा जातो.

फॅन बेल्टबद्दल मात्र वेगळं सांगायला हवं. डिझेल इंजिनात ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम आपोआप तयार होत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. आपल्याकडच्या पुष्कळ पिकअपमध्ये तो अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला असतो, आणि बऱ्याचदा तोच बेल्ट वॉटर पंपही फिरवतो. बेल्ट तुटला की चार्जिंगचा दिवा लागतो, लोक म्हणतात, ‘बॅटरीवर जाऊ घरापर्यंत.’ पण त्याच क्षणी पाणी फिरायचं थांबलेलं असतं आणि दोन-तीन वेळा दाबल्यावर ब्रेक पेडल दगडासारखं होतं. भरलेली गाडी घाट उतरत असताना हे झालं तर काय होईल, याचा विचार करा. बॅटरीचा लाल दिवा लागला की थांबायचं आणि बेल्ट बघायचा. नवा बेल्ट गाडीत कायम असू द्या. व्हॅक्यूम पंपाला इंजिन ऑइलचा बारीक पाइप जातो. तो गळू लागला तर ऑइल गुपचूप कमी होतं, तिथेही नजर टाका.

रोजचं, महिन्याचं, वर्षाचं

रोज सकाळी बॉनेट उघडून दोन मिनिटं: ऑइल, पाणी, ब्रेक ऑइल, बेल्ट, आणि रात्री गाडी उभी होती त्या जमिनीवर पडलेला डाग. ऑइल सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी बघायचं. डिझेल इंजिनाचं नवं ऑइल दोनशे किलोमीटरमध्ये काळं पडतं; ती काजळी आहे, घाबरायचं नाही. घाबरायचं ते पातळी वाढली तर. ऑइल वाढत नसतं. वाढलं म्हणजे त्यात डिझेल किंवा पाणी उतरतंय.

आठवड्याला पाण्याच्या वाटीचा खालचा नळ सोडा. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे पाणी तळाशी बसतं. पावसाळ्यात कपभरसुद्धा निघतं. महिन्याला ग्रीस: प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, पाट्यांच्या शॅकल, स्टिअरिंगचे जोड. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत गन मारा. गाडी धुतल्यावर ग्रीस करायचं, आधी नाही. ऑइल आणि त्याचा फिल्टर, डिझेलचा फिल्टर हे गाडीच्या पुस्तकातल्या किलोमीटरवर. रोज भरून चालणाऱ्या, धुळीत फिरणाऱ्या गाडीला त्याआधी. काढलेलं जुनं ऑइल गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका. कॅनमध्ये साठवून ते गोळा करणाऱ्याला द्या. हे सगळं लिहायला एक वही ठेवा. ‘मागच्या वेळी फिल्टर कधी बदलला’ या प्रश्नाचं उत्तर आठवणीतून कधीच खरं येत नाही.

गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विश्वास ठेवायचा नाही. घोडी लावा, चाकांना ठोकळे लावा. माती असेल तर जॅकखाली फळी.

कुठे थांबायचं

पाइप, फिल्टर, बेल्ट, टर्मिनल, हीटर, ग्रीस, ऑइल आणि फीलर गेज घेऊन, पुस्तकात बघून टॅपेट, एवढं घरच्या अंगणात होतं. पंप उघडणं, नोझलचा दाब सेट करणं, हेड, क्लच, आणि ज्याला खात्री नाही त्याने ब्रेकची कामं, ही जाणत्याच्या हातीच द्यावीत. पंपाच्या स्क्रूवरची तार आणि शिक्का तोडून ‘थोडंसं फिरवून बघू’ म्हणणाऱ्याच्या हाती तर गाडी देऊच नये.

गॅरेजला जायचंच नाही, असा याचा अर्थ नाही. जाताना ‘गाडी चालू होत नाही’ एवढंच न सांगता ‘सेल्फ जोरात फिरतो, धूर येत नाही, एअर काढली की वीस मिनिटं चालते’ असं सांगता आलं, तर मेकॅनिकही फीड पंपाच्या मागे बघायला लागतो.

तो चिरलेला पाइपाचा तुकडा अजून माझ्या पान्यांच्या पेटीत आहे. गावात कोणाची गाडी अडली आणि ‘पंप गेला म्हणतात’ असं कानावर आलं, की मी पेटी घेऊन जातो. पेटी मात्र लगेच उघडत नाही. आधी विचारतो, ‘सेल्फ मारताना धूर येतो का?’